‘माझी झडती घे’ : अंतःकरणातले गुप्त पाप देवाने दाखवावे म्हणून प्रार्थना कशी करावी

मराठी पवित्र शास्त्रात १३९ व्या स्तोत्राच्या शेवटी स्तोत्रकर्ता देवाजवळ जी विनंती करतो, तिच्यासाठी भाषांतरकारांनी ‘झडती’ हा शब्द वापरला आहे. ‘हे देवा, माझी झडती घे.’ हा शब्द मला फार नेमका वाटतो, कारण झडती घ्यायला बाहेरचा माणूस लागतो. घरमालक स्वतःच्या घराची झडती घेत नाही, तो फार तर आवराआवर करतो, आणि आवराआवर करताना पाहुण्यांच्या नजरेस पडेल तेवढे उचलून माळ्यावर टाकतो. आत्मपरीक्षणाचेही पुष्कळदा असेच होते. आपण मनातली दर्शनी खोली झाडून काढतो आणि माळ्याकडे बघतही नाही. झडतीची प्रार्थना म्हणजे माळ्याची शिडी आपल्या हातांनी लावून देणे आणि चढू मात्र देवाला देणे.

पुढे लिहिलेला क्रम मी प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर व प्याला घेण्याच्या उपासनेच्या, आधीचा आठवडा डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात पौल ‘आत्मपरीक्षा करावी’ असे सांगतो, ते प्रभूच्या मेजाकडे येणाऱ्या माणसालाच. कॅथलिक वाचकांना हाच क्रम पापनिवेदनापूर्वीच्या तयारीसाठी उपयोगी पडेल. एक आठवडा पुरतो. मात्र तो शनिवारी रात्री सुरू होऊन रविवारी सकाळी संपणारा आठवडा नसावा.

आधी माहीत असलेले निकालात काढावे

आपण ‘गुप्त पाप’ म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली गोष्ट लोकांपासून लपवलेली, पण आपल्याला पक्की ठाऊक असलेली. दुसरी आपल्यालाच न दिसणारी. १९ व्या स्तोत्रात ‘आपल्या चुका कोणाला समजतात?’ असे विचारून स्तोत्रकर्ता गुप्त दोषांपासून सुटका मागतो, ती ही. तिसरी सर्वांत अवघड, कारण ती आपण सद्गुण समजून जपलेली असते. झडतीची प्रार्थना दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी आहे. पहिल्या प्रकारासाठी झडतीची गरजच नाही.

यहोशवाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आखानाने यरीहोच्या लुटीतून एक उंची झगा, दोनशे शेकेल रुपे आणि पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट घेऊन आपल्या डेऱ्यातल्या जमिनीत पुरून ठेवली होती. इस्राएलाचा पराभव का झाला याचा शोध वंशावंशातून, कुळाकुळातून, घराघरांतून चालला असताना हा माणूस गप्प उभा होता. शोध कुणाच्या डेऱ्यापाशी जाऊन थांबणार, हे त्याला पक्के माहीत होते. आपल्याला एखादी गोष्ट आधीच ठाऊक असेल, उदाहरणार्थ चालू असलेले एखादे नाते, बुडवलेली उसनवारी, फोनमधले एखादे ॲप, बहिणीच्या हिश्शाच्या जमिनीवर तिला न सांगता चढवलेले आपले नाव, तर ‘प्रभो, मला माझे पाप दाखव’ असे म्हणत बसणे हा वेळ काढण्याचा एक प्रकार होतो. पहिल्या दिवशी वहीत एवढेच लिहावे: मला आधीपासून काय माहीत आहे? उत्तर आले, तर बाकीची झडती थांबवून थेट कबुलीच्या आणि भरपाईच्या टप्प्याकडे जावे. मिळालेल्या प्रकाशाचे काही केल्याशिवाय नवा प्रकाश मागू नये, असे माझे ठाम मत आहे.

झडती घेणारा कोण आहे, हे नीट पाहावे

पुष्कळ लोक १३९ व्या स्तोत्राच्या शेवटच्या दोन ओव्या तेवढ्या उचलतात आणि प्रार्थना सुरू करतात. पण त्या दोन ओव्यांच्या आधी बावीस ओव्या आहेत. पहिल्याच ओवीत स्तोत्रकर्ता म्हणतो की देवाने त्याला आधीच पारखले आहे आणि तो त्याला ओळखतो. म्हणजे शेवटी मागितलेली झडती देवाला नवी माहिती मिळावी म्हणून नाही. त्याला सगळे ठाऊकच आहे. जे त्याला दिसते ते मलाही दिसावे, एवढेच मागणे आहे. मधल्या ओव्यांत तो सांगतो की माझे बसणे-उठणे तू जाणतोस, जिभेवर शब्द येण्याआधी तुला तो माहीत असतो, पहाटेचे पंख लावून मी समुद्राच्या पलीकडच्या टोकाला गेलो तरी तिथेही तुझा हात मला धरील, आणि आईच्या उदरात तूच मला घडवलेस. एवढे सगळे म्हणून झाल्यावर मगच त्याला ‘माझी झडती घे’ म्हणण्याचे धैर्य होते.

म्हणून पहिल्या दिवशीचा तो प्रश्न लिहून झाल्यावर पुढचे दोन दिवस पापाचा विचार बाजूला ठेवून स्तोत्राच्या पहिल्या अठरा ओव्या सकाळी एकदा आणि रात्री एकदा, मोठ्याने आणि सावकाश वाचाव्यात. त्याबरोबर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाची पहिली ओवी वाचावी, जिथे ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना आता दंडाज्ञा नाही असे सांगितले आहे. हा टप्पा गाळल्यास पुढचे सगळे बिघडते. ज्याच्याकडून मार बसेल अशी भीती असते, त्याच्यासमोर कोणीही खिसे मनापासून उलटे करत नाही. मूल आईजवळ खिसे उलटे करते, कारण रागावणे झाले तरी संध्याकाळी जेवायला तिथेच बसायचे आहे, हे त्याला माहीत असते.

वेळ, जागा आणि वही

यावर फार लिहिण्यासारखे नाही. रोज तीस-चाळीस मिनिटे पुरेशी होतात. घरात सर्वांत आधी उठणाऱ्यांनी पहाट घ्यावी, रात्रपाळीच्या लोकांनी घर रिकामे असते ती दुपार घ्यावी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. पवित्र शास्त्र फोनमध्ये वाचण्याची सवय असली तरी या आठवड्यापुरते छापील पुस्तक काढावे. वही साधी असावी आणि ती पुढे फाडून टाकायची आहे हे आधीच ठरवावे, म्हणजे कोणी वाचेल या भीतीने वाक्ये गुळगुळीत होत नाहीत.

प्रार्थना लांब असण्याची गरज नाही. मी एवढीच करतो: ‘प्रभो, तुला माझ्यात जे दिसते ते मला दाखव, मला पेलेल तेवढे दाखव आणि दाखवताना माझा हात सोडू नकोस.’ त्यानंतर दहा मिनिटे काहीही न बोलता बसतो. ही दहा मिनिटे सर्वांत कठीण असतात, कारण आपल्या मंडळ्यांतून आपण प्रार्थना म्हणजे बोलणे एवढेच शिकलेलो असतो. आकाशवाणीची वाट पाहू नये. बहुधा येते ती एखादी आठवण: एक चेहरा, तीन महिन्यांपूर्वी आपण बोललेले एक वाक्य, ते ऐकल्यावर समोरच्या माणसाने खाली घातलेली मान. ती आठवण क्षुल्लक म्हणून झटकू नये, वहीत टिपून ठेवावी.

दिवा कुठे न्यावा

ज्यू घरांत वल्हांडण सणाच्या आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन खमिराचा, म्हणजे त्या सणात घरात ठेवायच्या नसलेल्या आंबवलेल्या पदार्थांचा, शोध घेण्याची फार जुनी प्रथा आहे. ‘मनुष्याचा आत्मा परमेश्वराचा दीप आहे, तो अगदी आतल्या भागांचा शोध घेतो’ या अर्थाचे नीतिसूत्रांच्या २० व्या अध्यायातले वचन त्यांचे गुरू या शोधाशी जोडतात. त्यांच्या जुन्या नियमांत एक फार शहाणा नियम आहे: जिथे खमीर कधी नेलेच जात नाही, तिथे शोधण्याची गरज नाही. शोध स्वयंपाकघरात घ्यायचा, जेवायच्या जागेवर घ्यायचा, मुले भाकरीचा तुकडा हातात घेऊन फिरतात त्या कोपऱ्यांत घ्यायचा. आपण मात्र झडतीच्या वेळी मूर्तिपूजा, खून, जादूटोणा अशा रिकाम्या खोल्यांतून दिवा फिरवतो, काही सापडत नाही म्हणून समाधानाने परततो आणि ज्या खोलीत आपण रोज राहतो, तिथे दिवा जातच नाही.

सर्वांत आधी दिवा न्यावा तो जिथे आपली बाजू बरोबर आहे याची आपल्याला पक्की खात्री आहे तिथे. हे मी १३९ व्या स्तोत्रातूनच शिकलो. झडती मागण्याच्या अगदी आधीच्या चार ओव्यांत स्तोत्रकर्ता दुष्टांवर तुटून पडतो. देवाचा द्वेष करणाऱ्यांचा मी द्वेष करू नये काय, असे विचारतो आणि त्यांचा पुरा द्वेष करतो असे स्वतःच सांगतो. या ओव्या उपासनेत वाचताना कित्येकजण गाळतात. गाळू नयेत, कारण त्यांच्या पाठोपाठ, श्वास न घेता, तो म्हणतो: माझी झडती घे, माझ्यात काही वाईट वाट आहे का ते पाहा. देवाच्या बाजूने उभे राहून आपण पेटलो आहोत असे वाटत असतानाच त्याला स्वतःची शंका आली. दावीद राजाचेही तेच झाले. बथशेबेला आपल्या घरी आणून आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला पाठवून इतका काळ लोटला होता की मूलही जन्माला आले होते, आणि तेवढ्या काळात त्याच्या मनाने त्याला हटकल्याचे कथेत कुठेही लिहिलेले नाही. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हा तोच दावीद संतापाने म्हणाला की असे करणारा मरणदंडाला पात्र आहे. ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे वाक्य त्या संतापावर येऊन पडले. दुसऱ्याच्या ज्या पापाचा आपल्याला सर्वांत जास्त राग येतो, त्या पापाजवळ दिवा धरावा. दर वेळी तिथे आपलेही काही सापडेल असे नाही, पण धरून पाहावा.

मग दिवा न्यावा तो दुसऱ्याचे चांगले झाल्यावर आपल्याला आनंद का झाला नाही, तिथे. याबद्दल मी स्वतःचेच सांगतो, कारण मला हा टप्पा फार महागात शिकायला मिळाला.

माझा धाकटा भाऊ कित्येक वर्षे दारूच्या आहारी गेला होता. मी दर बुधवारच्या प्रार्थनासभेत त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगत असे. नुसते नाव सांगून थांबत नसे. परवा रात्री त्याला कोणी घरी आणून सोडले, त्याच्या बायकोने आतून कडी कशी लावून घेतली होती, मुले कोणाकडे झोपली, हे सगळे ‘प्रार्थनेचा विषय नीट समजावा’ म्हणून सांगत असे. लोक हळहळत आणि सभा संपल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून जात. मी हे प्रेमाने करतो आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मग एका नाताळच्या सकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. इस्त्री केलेला बदामी शर्ट, तेल लावून विंचरलेले केस, हातात करंज्यांचा डबा. सात महिने झाले, म्हणाला, थेंब घेतला नाही. मी त्याला मिठी मारली, ‘प्रभूचे उपकार’ म्हणालो, आणि त्याच क्षणी आत कुठेतरी काहीतरी खचल्यासारखे झाले. मला ते कळले आणि मी ते लगेच झाकले. पुढे उपवासकाळात लूकच्या १५ व्या अध्यायातली गोष्ट वाचताना थोरला मुलगा घराबाहेर उभा राहून आतले वाद्यांचे आवाज ऐकतो, या ओळीपाशी मी थांबलो, आणि तो बदामी शर्ट समोर आला. माझ्या भावाच्या पडण्यावर मी उभा होतो. तो सुधारला तेव्हा माझ्या पायाखालची जागा गेली. इतकी वर्षे ज्याला मी मध्यस्थीची प्रार्थना म्हणत होतो, तिच्यात मी चांगला मुलगा आहे हे दर बुधवारी चारचौघांत सिद्ध करून घेणे मिसळलेले होते.

हे मी स्वतः शोधून काढले असते, असे मला वाटत नाही. मी यादी करायला बसलो असतो तर ‘भावासाठी प्रार्थना करतो’ हे वाक्य माझ्या पुण्याच्या रकान्यात पडले असते.

आणखी काही जागा सांगतो. जे आपल्याला उलट उत्तर देऊ शकत नाहीत त्यांच्याशी आपण कोणत्या आवाजात बोलतो ते ऐकावे: धुणेभांडी करणारी बाई, सोसायटीचा वॉचमन, नवी सून, अंथरुणाला खिळलेला सासरा. गेल्या महिन्याचा पैशांचा हिशेब बँकेच्या पासबुकातून किंवा फोनमधून काढून ओळीओळीने वाचावा. तिथे मन फारसे खोटे बोलू शकत नाही. आणि आपल्या मंडळ्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. मुलामुलींची लग्ने जुळवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आपल्यात अजून हळू आवाजात विचारला जातो. गलतीकरांस पत्रातले ‘तुम्ही सर्व ख्रिस्त येशूमध्ये एकच आहात’ हे वचन ज्यांना तोंडपाठ आहे, तेच हा प्रश्न विचारतात, आणि विचारताना त्यांना त्यात पाप दिसत नाही. जे कुणालाच पाप वाटत नाही, त्यासाठीच तर झडती मागायची.

ज्यांना मोकळ्या शांततेत मन एकाग्र होत नाही, त्यांनी मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतले डोंगरावरचे प्रवचन रोज दहा-बारा ओव्या असे वाचावे आणि प्रत्येक ओवीनंतर थांबावे. सोळाव्या शतकात येशूसंघाची स्थापना करणाऱ्या संत इग्नाती लोयोलाने घालून दिलेली दैनिक तपासणीही उत्तम आहे: आधी दिवसाबद्दल उपकारस्तुती, मग पाप ओळखण्याची कृपा मागणे, मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवणे, मग क्षमा मागणे आणि शेवटी उद्याचा निश्चय. उपकारस्तुती पहिली आहे, हे लक्षात ठेवावे.

पंचनाम्यासारखे लिहावे

झडतीनंतर पंचनामा होतो. त्यात ‘काही भांडी’ असे लिहून चालत नाही. पितळेचा तांब्या एक, कानाजवळ पोचा असलेला, असे लिहावे लागते. वहीत पाप लिहितानाही हाच नियम पाळावा. ‘मी प्रेमात कमी पडतो’, ‘माझ्यात अहंकार आहे’ ही वाक्ये लिहायला सोपी आहेत, कारण त्यांनी कोणाचेच काही बिघडत नाही. वाक्यात क्रियापद असावे, माणूस असावा आणि जमल्यास दिवस असावा: ‘मी भावाच्या घरातली गोष्ट त्याला न विचारता वीस माणसांसमोर सांगितली.’ त्याच्या खाली दुसरे वाक्य लिहावे: ‘तेव्हा मला काय हवे होते?’ हे दुसरे वाक्य यायला कधी कधी दोन-तीन दिवस लागतात. पण पापाचे मूळ तिथेच असते, आणि मूळ न दिसता केलेली कबुली म्हणजे गवत वरून कापल्यासारखे होते, पुढच्या पावसात ते पुन्हा उगवते.

जाणीव कोणती आणि आरोप कोणता

हा टप्पा हळव्या मनाच्या माणसांसाठी अतिशय महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मनात उठणारा प्रत्येक दोष देणारा आवाज देवाचा नसतो. योहानाच्या १६ व्या अध्यायात येशू सांगतो की पवित्र आत्मा पापाविषयी खात्री करून देईल. पण प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायात रात्रंदिवस दोषारोप करणारा म्हणून सैतानाचे वर्णन आहे. दोघेही पापाबद्दलच बोलतात, त्यामुळे गोंधळ होतो.

माझ्या अनुभवात फरक असा पडतो. पवित्र आत्मा एका गोष्टीवर बोट ठेवतो, आणि ती गोष्ट दुखली तरी पुढे काय करायचे हे त्यासोबत उमगते. आरोप करणारा सगळ्या आयुष्यावर काळे फासतो, ‘तू आहेसच असा’ म्हणतो आणि वाट कुठलीच दाखवत नाही. एक आवाज ख्रिस्ताकडे ढकलतो, दुसरा त्याच्यापासून लपायला लावतो. पेत्र आणि यहूदा या दोघा शिष्यांनी एकाच रात्री प्रभूला दगा दिला आणि दोघांनाही पस्तावा झाला. पण यहूदा एकटाच निघून गेला; पेत्र रडला आणि इतर शिष्यांत राहिला, म्हणून प्रभू उठल्यावर त्याला गाठू शकला. कबूल केलेले आणि सोडून दिलेले पाप पुन्हा पुन्हा वर येऊन छळत असेल तर ती झडती नव्हे. तिथे नव्याने कबुली देत बसू नये, मिळालेल्या क्षमेबद्दल उपकार मानावेत.

दोन प्रकारच्या माणसांनी हा क्रम एकट्याने करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांना दीर्घकाळ नैराश्य आहे, किंवा आपण पाप केले असेल या विचाराची आवर्तने थांबतच नाहीत, त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावे आणि पाळकांना किंवा धर्मगुरूंना बरोबर घेऊनच हे करावे. आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला आहे किंवा आजही घरात होत आहे, त्यांनी आपल्या जखमेला पाप समजू नये. मार खाणाऱ्या बाईला ‘तुझ्यातली अक्षमाशीलता देवाने दाखवावी म्हणून प्रार्थना कर’ असे सांगणारा माणूस या स्तोत्राचा गैरवापर करतो. तिला आधी सुरक्षित जागा आणि तिचे ऐकून घेणारी माणसे हवीत.

आणि अश्रूंचे माप लावू नये. पुणे जिल्ह्यात केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ साली जे आध्यात्मिक जागरण झाले, त्यात मुली मोठ्याने रडून आपली पापे कबूल करत होत्या, हे प्रसिद्ध आहे. ते वाचून आपल्याला रडू आले नाही म्हणजे झडती झालीच नाही, असे काहींना वाटते. पण त्या जागरणाआधी कित्येक महिने तिथे रोज शांतपणे प्रार्थनेला जमणे चालू होते. आणि स्वतः रमाबाईंनी लिहून ठेवले आहे की १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांना धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला पुढे बरीच वर्षे लागली. एवढ्या प्रांजळ आणि विद्वान स्त्रीला जिथे वेळ लागला, तिथे आपण एका आठवड्यात तळ दिसावा असा हट्ट धरू नये.

कबुली आणि क्षमा

कबुली मोठ्याने द्यावी, खोलीत कोणी नसले तरी. आपल्याच कानांनी ते वाक्य ऐकणे वेगळे असते. कारणे जोडू नयेत. ‘पण’ हा शब्द आला की कबुली तिथेच संपते. ५१ व्या स्तोत्रात दावीद बथशेबेचे सौंदर्य, युद्धाचा ताण, राजेपणाचा एकटेपणा यांपैकी कशाचाही उल्लेख करत नाही. त्यानंतर योहानाच्या पहिल्या पत्रातले १:९ हे वचन वाचावे: आपण आपली पापे कबूल केली तर तो विश्वासू व न्यायी आहे, म्हणून आपल्या पापांची क्षमा करील आणि सर्व अनीतीपासून आपल्याला शुद्ध करील. मग वहीचे पान फाडावे. मात्र भरपाई बाकी असेल तर ती कोणाला काय द्यायची आहे, एवढे वेगळ्या कागदावर उतरवून मगच फाडावे.

भरपाई

जक्कय नावाच्या जकातदाराने फसवून घेतलेले चौपट परत देण्याचे येशूसमोर कबूल केले. गणनेच्या पाचव्या अध्यायात अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा असा नियम आहे. पैशांच्या बाबतीत हे समजायला सोपे आहे, करायला अवघड असले तरी. शब्दांच्या बाबतीत जरा विचार लागतो. मी स्वतःसाठी नियम केला आहे की पापाचा घेर जेवढा, तेवढाच कबुलीचा घेर असावा. जे पाप मनातच राहिले, उदाहरणार्थ एखाद्याबद्दल वाटलेला मत्सर, ते त्या माणसाला जाऊन सांगण्याचे कारण नाही. ‘मी तुझा वर्षभर हेवा करत होतो’ हे ऐकून आपले ओझे त्याच्या डोक्यावर जाते. पण जे त्याच्याविरुद्ध केले ते त्याच्याजवळ कबूल करावे, आणि जे चारचौघांत केले ते चारचौघांत दुरुस्त करावे.

मी भावाकडे गेलो. नुसतीच मिसरूड फुटलेला त्याचा मुलगा बाहेर अभ्यास करत होता, त्याला आत पाठवले आणि सांगितले की तुझ्या घरातल्या गोष्टी मी सभेत सांगत होतो, तो माझा अधिकार नव्हता, आणि त्यात मला बरे वाटत होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘दादा, मला माहीत होते. म्हणूनच मी मंडळीत येत नव्हतो.’ हे ऐकण्याची माझी तयारी नव्हती. पुढच्या बुधवारी मी सभेत, जुना तपशील पुन्हा न उगाळता, मी भावाविषयी जे बोलत आलो ते बोलणे चुकीचे होते, एवढे सांगून क्षमा मागितली. या टप्प्यावर समोरून लगेच क्षमा मिळेलच असे धरून जाऊ नये. क्षमा करणे हा त्याचा आणि देवाचा विषय आहे. कबूल करणे हा माझा.

एक नाथान असावा

दाविदाला स्वतःच्या प्रार्थनेत जे दिसले नाही, ते दुसऱ्या माणसाने दाखवले. म्हणून आठवड्याच्या शेवटी एका विश्वासू माणसाला एकच प्रश्न विचारावा: ‘मला दिसत नाही, पण तुम्हाला दिसते असे माझ्यात काय आहे?’ माणूस वयाने मोठा, तोंडाचा घट्ट आणि आपल्याला न भिणारा असावा. नवऱ्याला किंवा बायकोला विचारणे चांगले, पण मग उत्तरावर वाद घालायचा नाही, हे आधी कबूल करून विचारावे. उत्तर ऐकून ‘आभारी आहे’ एवढेच म्हणावे आणि दोन दिवस ते प्रार्थनेत धरून ठेवावे. आपल्या डोळ्यातले मुसळ आपल्याला दिसत नाही, कारण बघायचे ते डोळ्यानेच.

काहीच दिसले नाही तर

असे होते. चार दिवस बसूनही वही कोरी राहते. तेव्हा उगीच उकरून काढू नये. पौल करिंथकरांना लिहितो की माझे मन मला दोष देत नाही, तरी तेवढ्यावरून मी निर्दोष ठरत नाही, माझा न्यायनिवाडा करणारा प्रभू आहे. आणि एवढे लिहून तो पुढच्या कामाला लागतो. खमिराचा शोध संपल्यावर ज्यू घरमालकही एक वाक्य म्हणतो, की जे खमीर माझ्या नजरेला पडले नाही ते मातीच्या धुळीसारखे रद्द समजले जावे. मग तो मेणबत्ती विझवतो आणि सणाच्या तयारीला लागतो. स्तोत्रातल्या विनंतीचा दुसरा अर्धा भाग अशा वेळी प्रार्थनेत घ्यावा: ‘मला सनातन मार्गाने चालव.’ दिसले किंवा न दिसले, तरी हे मागणे रोज करता येते.

आपल्याकडे पुष्कळ भाविक, विशेषतः जुन्या पिढीतल्या बायका, मनात काही सलत असले की प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसून राहतात आणि भाकर पुढे येते तेव्हा मान हलवून नको म्हणतात. त्यांचा आदर मला समजतो. पण पौलाचे ते वाक्य पुन्हा एकदा नीट वाचावे. माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे व त्या प्याल्यातून प्यावे, असे तो लिहितो. आत्मपरीक्षा करावी आणि घरी राहावे, असे लिहीत नाही. तेव्हा शनिवारी रात्री वहीची पाने फाडून झाली, कोणाकडे जायचे ते ठरले, की लवकर झोपावे, आणि सकाळी इतरांबरोबर उठून मेजाकडे जावे.